कथकची डीव्हीडी: फुल एचडी चित्रण एसडी डिस्कवर उतरवताना काय बिघडलं आणि कसं सुधारलं

पुण्यातल्या एका नाट्यगृहात कथक वर्गाचा वार्षिक कार्यक्रम. लांबी १३० मिनिटं: मध्यंतरापूर्वी ७२, नंतर ५८. चित्रण दोन कॅमेऱ्यांनी. पहिला प्रेक्षागृहाच्या मागच्या टोकाला ट्रायपॉडवर, १०८०आय५०, म्हणजे सेकंदाला ५० फील्ड (फील्ड म्हणजे एकाआड एक ओळींचं अर्धं चित्र; अशा चित्रणाला इंटरलेस म्हणतात), एव्हीसीएचडी फॉरमॅटमध्ये २४ एमबीपीएसने (सेकंदाला २४ मेगाबिट). दुसरा विंगेजवळ, डीएसएलआर, १०८०पी२५ (प्रोग्रेसिव्ह, म्हणजे सेकंदाला २५ पूर्ण फ्रेम), जवळच्या शॉटसाठी. आवाज साउंड कन्सोलवरून वेगळ्या रेकॉर्डरवर घेतलेला. पालकांना ६० प्रती डीव्हीडीवरच हव्या होत्या, कारण बघणारे बरेचसे आजी-आजोबा, आणि त्यांच्या टीव्हीला जोडलेलं एकच यंत्र म्हणजे डीव्हीडी प्लेअर.

पहिली डिस्क आली तेव्हा तक्रारींची रांग लागली. चक्कर घेताना हात दोन-दोन दिसतात. लेहंग्याचा जरीचा काठ लुकलुकतो. निळ्या सायक्लोरामावर (मंचामागच्या मोठ्या पडद्यावर) चौकोनी ठिगळं हलतात. लाल अंगरखा मरगळलाय, हळदी ओढणी हिरवट दिसते. नावांच्या पट्ट्या थरथरतात. चित्राच्या दोन्ही कडांना बारीक काळी रेघ आहे. स्टुडिओचं उत्तर ठरलेलं होतं: "एसडी आहे, एवढंच दिसणार."

हे उत्तर चुकीचं आहे. फुल एचडीचं चित्र १९२० गुणिले १०८०, म्हणजे २०,७३,६०० पिक्सेल. एसडीची, म्हणजे पाल (आपल्याकडची टीव्ही पद्धत) डीव्हीडीची चौकट ७२० गुणिले ५७६, म्हणजे ४,१४,७२०. बरोब्बर पाचवा हिस्सा. पाच पिक्सेलांची सरासरी एका पिक्सेलमध्ये येते, त्यामुळे अंधारातली किरकिर, म्हणजे नॉइज, आपोआप कमी होते आणि रंगाचा तपशीलही मूळ एसडी कॅमेऱ्यापेक्षा चांगला मिळतो. एचडीवरून नीट उतरवलेली डीव्हीडी एसडी कॅमेऱ्याने चित्रित केलेल्या डीव्हीडीपेक्षा सरस दिसायला हवी. तशी दिसत नसेल तर दोष रूपांतरात शोधायचा.

डिस्क उघडून पाहिली तेव्हा

व्हीएलसी या प्लेअरमध्ये डीइंटरलेस (फील्डपासून पूर्ण फ्रेम बनवण्याची क्रिया) बंद केलं आणि ई हे बटण दाबत एकेक फ्रेम पुढे नेली. चक्कर चालू असलेल्या फ्रेममध्ये हाताच्या दोन अर्धपारदर्शक प्रतिमा होत्या आणि कडा गुळगुळीत होत्या. खरं निदान इथेच झालं. ५० फील्डचं चित्र शाबूत असतं, तर डीइंटरलेस बंद असताना हलत्या हाताच्या कडेला कंगव्याचे दात दिसले असते. हे दात पाहून अनेक जण घाबरतात आणि एक्सपोर्टमध्ये डीइंटरलेसवर खूण करतात. डीव्हीडीसाठी ते दात म्हणजे तब्येत ठीक असल्याची खूण आहे. त्यांची भरपाई टीव्ही करतो. इथे दोन फील्ड एकमेकांत मिसळून एक धूसर फ्रेम झाली होती. सेकंदाला ५० वेळा नोंदलेली हालचाल २५ वर आली होती, तीही पुसट. तत्कारासारख्या (पायांच्या बोलांच्या) द्रुत कामात पाय कुठे पडला हेच त्यामुळे हरवतं.

प्रोजेक्ट फाइल मिळाल्यावर साखळी स्पष्ट झाली. टाइमलाइन सुरुवातीलाच डीव्ही पाल वाइडस्क्रीन निवडलेली, म्हणजे ७२० गुणिले ५७६, लोअर फील्ड फर्स्ट (खालचं फील्ड आधी). डीइंटरलेसची पद्धत 'ब्लेंड'वर. एचडी क्लिप टाइमलाइनवर पडताक्षणीच लहान आणि धूसर झाली. पुढचं सगळं एडिटिंग त्या खराब चित्रावर. टाइमलाइनवरून डीव्ही एव्हीआय काढली. तिची एमपेग-२ झाली ८ एमबीपीएसने, सोबत पीसीएम (न दाबलेला) आवाज १.५३६ एमबीपीएसचा. १३० मिनिटांना हा हिशेब ९.३ जीबीवर जातो आणि डिस्क ४.७ जीबीची. मग ऑथरिंग (डीव्हीडीची बांधणी करणाऱ्या) सॉफ्टवेअरने 'फिट टू डिस्क' म्हणत तीच एमपेग-२ पुन्हा दाबली. पीसीएमचा वाटा कमी होत नाही, त्यामुळे चित्राला उरले जेमतेम ३ एमबीपीएस. कॅमेऱ्याची एच.२६४, डीव्ही, एमपेग-२ आणि पुन्हा एमपेग-२, असे चार घाव. सायक्लोरामावरची ठिगळं शेवटच्या घावाची. लाल प्रकाशाची कडेला झिरपलेली छटा मात्र आधीच्या डीव्हीच्या टप्प्यावरच येऊ लागते, कारण दर पिढीत रंगाचं नमुनाकरण नव्याने होतं.

नव्याने मांडणी: शेवटपर्यंत एचडी, लहान एकदाच

मूळ कार्डांवरच्या क्लिप शाबूत होत्या, म्हणून काम पहिल्यापासून केलं. पहिला निर्णय टाइमलाइनचा. १०८०आय५० ची टाइमलाइन हा सरधोपट मार्ग, पण त्यात दोन अडचणी येतात. इंटरलेस क्लिप एडिटरमध्ये मोठी-लहान केली की फील्डची भेसळ होते. आणि डीएसएलआरच्या प्रोग्रेसिव्ह क्लिप शेवटी डीइंटरलेसच्या चाळणीतून विनाकारण जातात. म्हणून टाइमलाइन १०८०पी५० ठेवली. मागच्या कॅमेऱ्याच्या क्लिप आधी 'बॉब' पद्धतीने डीइंटरलेस केल्या: प्रत्येक फील्डची एक पूर्ण फ्रेम, सेकंदाला ५० फ्रेम. डीएसएलआरची प्रत्येक फ्रेम दोनदा येते, तिला हात लावायचा नाही.

मधला फॉरमॅट प्रोरेस ४२२. १०८०पी५० ला त्याचा दर साधारण २४५ एमबीपीएस, म्हणजे तासाला ११० जीबी. पूर्ण कार्यक्रमाला २४० जीबीच्या आसपास मोकळी जागा लागते. जागा नाही म्हणून इथे एच.२६४ वापरण्याचा मोह होतो. तो टाळावा, हार्ड डिस्क उसनी आणणं परवडतं.

डीइंटरलेस कशाने करायचं यावर हौशी मंडळींत वाद फार. क्यूटीजीएमसी हे साधन सर्वांत चांगलं, पण वेळखाऊ. सगळा माल त्यातून काढायची गरज नव्हती: चित्र पाचपट लहान होणार असेल तर यॅडिफ किंवा बीडब्ल्यूडिफ या वेगवान साधनांनी येणाऱ्या किरकोळ पायऱ्या बहुतेक विरून जातात. फरक दिसतो तो झूम केलेल्या शॉटमध्ये. म्हणून तेवढेच तुकडे क्यूटीजीएमसीतून आणि बाकी सगळं बीडब्ल्यूडिफने, फील्डमागे एक फ्रेम देणाऱ्या मोडमध्ये. या टप्प्यावर अप्पर फील्ड फर्स्ट हे हाताने सांगून टाकावं. १०८०आय नेहमी अप्पर असतं. डीव्हीच्या सवयीने लोअर निवडलं तर हालचाल तीन पावलं पुढे, एक मागे अशी अडखळते. खात्री करायची तर ५० फ्रेमची क्लिप एकेक फ्रेम पुढे न्यावी: हात एकाच दिशेने सरकला पाहिजे.

झूमचा मुद्दा एडिटिंगच्या टेबलावर सहसा निसटतो. एचडी मॉनिटरवर संपूर्ण मंच दाखवणारा शॉट सुरेख वाटतो, कारण चेहरा त्यातही वाचता येतो. तोच शॉट ५७६ ओळींवर आला की चेहरा मूठभर पिक्सेलांचा होतो आणि कोणतंही सॉफ्टवेअर त्यात भाव परत आणू शकत नाही. म्हणजे एसडीसाठी चौकट मुळातच जवळची हवी. हातात पाचपट पिक्सेल असल्यामुळे ती एडिटिंगमध्ये मिळवता येते. कागदावर १८७ टक्क्यांपर्यंत झूम चालतो, कारण १०८० भागिले ५७६ म्हणजे १.८७५. पण हलत्या दृश्यात एका फील्डच्या खऱ्या ओळी ५४० च असतात, त्यामुळे तो आकडा फसवा आहे. इथे १३० टक्के ही मर्यादा ठेवली. गतभाव (नृत्यातून कथा सांगणं) आणि अभिनयाच्या जागी मागच्या कॅमेऱ्याचे शॉट ११५ ते १३० टक्क्यांवर नेले, परण आणि तिहाई या नृत्तरचनांच्या वेळी पूर्ण देह दिसावा म्हणून मूळ मापावर ठेवले.

डीएसएलआरच्या २५ फ्रेमच्या शॉटचं काय? ५० च्या ओघात एकदम २५ ची हालचाल आली की डोळ्याला झटका बसतो, विशेषतः चक्करांत. खोट्या फ्रेम तयार करून देणारी ऑप्टिकल फ्लोसारखी साधनं आहेत, पण फिरत्या ओढणीवर ती चित्र वितळवून टाकतात. त्यापेक्षा निवड बदलली: जवळचे शॉट ठुमरीत, पढंतीच्या (तोंडाने बोल म्हणण्याच्या) वेळी आणि साथीदारांवर, द्रुत लयीत फक्त मागचा कॅमेरा. आणखी एक बारकावा: ५०पी टाइमलाइनवर प्रत्येक कट सम क्रमांकाच्या फ्रेमवरच ठेवायचा. विषम फ्रेमवर कट बसला तर शेवटच्या इंटरलेसमध्ये एका फ्रेमचं एक फील्ड जुन्या शॉटचं आणि दुसरं नव्या शॉटचं होतं. बघणाऱ्याला ते क्वचित जाणवतं, पण त्या एका फ्रेमवर एन्कोडर भरमसाट बिट उधळतो.

लहान करण्याचा क्रम

हे काम एडिटरच्या एक्सपोर्ट मेनूतून न करता मधली प्रोरेस फाइल अविसिंथ या स्क्रिप्टवर चालणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये नेऊन केलं, कारण तिथे कोणती क्रिया कशाच्या आधी होते ते डोळ्यांसमोर असतं.

आधी काटछाट. कडांच्या काळ्या रेघा येतात त्या पिक्सेलच्या आकाराच्या दोन वेगळ्या हिशेबांमुळे. पाल वाइडस्क्रीनचा पिक्सेल कुणी १.४२२ रुंद धरतं, कुणी १.४५९. दुसऱ्या हिशेबात १६:९ चं चित्र ७०२ पिक्सेलांतच मावतं आणि दोन्हीकडे नऊ-नऊ पिक्सेल काळे उरतात. पूर्ण १९२० रुंदी ७२० वर ताणली तर रेघ जाते आणि आकृती जेमतेम अडीच टक्के रुंदावते. बहुतेक कामांत तेही चालून जातं. इथे प्रमाण राखायचं होतं म्हणून उंचीतून २८ ओळी कापल्या आणि १०५२ ठेवल्या. सगळ्या २८ वरून, खालून एकही नाही. खाली घुंगरू आहेत.

मग रंग. एचडीचे रंग ७०९ या मापाने लिहिलेले असतात आणि एसडीचे ६०१ ने. प्लेअर डीव्हीडी ६०१ धरूनच वाचतो. मधलं रूपांतर राहिलं तर शुद्ध लाल २५५ चा २३३ होतो, म्हणजे अंगरखा काळवंडतो. हळदी पिवळ्यात लाल थोडा घटतो आणि हिरवा थोडा चढतो, म्हणून ओढणी हिरवट. तक्रारीतल्या दोन्ही रंगांचं मूळ हेच. कलरमॅट्रिक्स या फिल्टरने ७०९ वरून ६०१ एकदाच करायचं. एकदाच झालंय की नाही हे पाहायला टाइमलाइनच्या टोकाला काही सेकंद शुद्ध लाल रंगाचं कार्ड टाकून ठेवावं आणि तयार एमपेग-२ मध्ये त्याचा आकडा वाचावा. २५५ च्या आसपास आला तर ठीक, २३३ आला तर रूपांतर राहून गेलंय. काम झालं की कार्ड काढून टाकावं. डीएसएलआरच्या क्लिपमध्ये पांढरा २३५ च्या वर गेला होता, तो वेव्हफॉर्म (उजेडाचा आलेख) पाहून टाइमलाइनवरच खाली आणला. नाहीतर पांढऱ्या कुर्त्यांच्या चुण्या सपाट होतात.

आकार स्प्लाइन३६ या लहान करण्याच्या पद्धतीने ७२० गुणिले ५७६. लँक्झोस जास्त धारदार, पण काळ्या पडद्यासमोरच्या पांढऱ्या कपड्याला तो कडेची पांढरी रेघ चिकटवतो.

आता जरीचा काठ. एसडीत एखादी आडवी रेघ एकाच ओळीएवढी पातळ झाली की ती दोनपैकी एकाच फील्डमध्ये उरते, म्हणजे सेकंदाला २५ वेळा दिसते आणि २५ वेळा नाहीशी होते. यालाच लुकलुक म्हणतात. एचडीवरून उतरवलेलं चित्र फार धारदार ठेवण्याचा हा दंड. उपाय म्हणजे फक्त उभ्या दिशेने थोडं मऊ करणं, आणि तेही पुन्हा इंटरलेस करण्याआधी. अविसिंथच्या ब्लरमध्ये आडवं ०, उभं १.० दिल्यावर लुकलुक जवळजवळ गेली, पण घुंगरांच्या ओळी एकमेकींत मिसळल्या. ०.५ वर काठ शांत झाला आणि घुंगरूही सुटे राहिले. गमावलेली धार आडव्या दिशेने भरून काढता येते, कारण त्या दिशेला लुकलुकीचा धोका नाही: शार्पन आडवं ०.२, उभं ०.

नावांच्या पट्ट्यांचं दुखणं हेच, फक्त मराठीत ते जास्त टोचतं, कारण शिरोरेखा म्हणजे शब्दभर पसरलेली आडवी रेघ. एचडीत तीन पिक्सेल जाड शिरोरेखा एसडीत दीड-पावणेदोन ओळींची होते आणि थरथरते. सहा पिक्सेलांची केली तर तीन ओळींपेक्षा थोडी जास्त मिळते आणि स्थिर राहते. म्हणून बारीक वळणाचा टाइप काढून ठळक घेतला आणि अक्षरांच्या काठाची पांढरी किनार काढली. पट्टी चौकटीच्या कडेपासून १० टक्के आत घेतली; जुने टीव्ही कडा खातात.

शेवटी पुन्हा इंटरलेस, अविसिंथच्या या आज्ञांनी: अझ्यूमटीएफएफ, सेपरेटफील्ड्स, सिलेक्टएव्हरी (४, ०, ३), वीव्ह. चार फील्डमधून पहिल्या फ्रेमचं वरचं आणि दुसऱ्या फ्रेमचं खालचं घ्यायचं. निकाल: ५७६आय, २५ फ्रेम, ५० फील्ड, हालचाल जशीच्या तशी.

बिटचा हिशेब

४.७ जीबीची डिस्क म्हणजे ३७.६ अब्ज बिट. १३० मिनिटांना, म्हणजे ७,८०० सेकंदांना वाटले तर ४.८ एमबीपीएस, त्यात आवाज आणि बांधणीचा खर्च आलाच. अंधारा मंच, रंगीत प्रकाश आणि सतत हालचाल असलेल्या इंटरलेस चित्राला हे अपुरं. दुहेरी थराची ८.५ जीबीची डिस्क घेतली तर ८ च्या आसपास मिळतात, पण कोरी डिस्क महाग आणि जुने प्लेअर थर बदलताना अडखळतात. म्हणून मध्यंतरावर तोडून साध्या दोन डिस्क.

७२ मिनिटांच्या भागाला हिशेबाने ८ एमबीपीएस देता येत होते. दिले ७, कमाल ८.५. डीव्हीडीच्या नियमात चित्राची कमाल ९.८ आहे खरी, पण घरी बर्न केलेल्या डिस्कवर स्वस्त प्लेअर तिथवर पोचता पोचता धापा टाकतात. शिवाय ७ वर पहिली डिस्क ३.९ जीबीत आटोपते आणि बाहेरची कड रिकामी राहते. बर्न केलेल्या डिस्कच्या वाचनात सर्वाधिक चुका त्याच कडेला होतात. कार्यक्रमाचा शेवटच अडकला तर बाकी मेहनत पाण्यात.

एन्कोडर एचसीएन्क, दोन पास (आधी चित्र तपासून मग बिट वाटणं), इंटरलेस, टीएफएफ (वरचं फील्ड आधी), १६:९, डीसी प्रिसिजन १०. शेवटची सेटिंग निळ्या सायक्लोरामासाठी: हळूहळू बदलणाऱ्या छटांत कमी प्रिसिजनने पायऱ्या दिसतात. जीओपी (एकत्र दाबला जाणारा फ्रेमचा गट) १२ फ्रेमचा. वेगळा डीनॉइज लावला नाही, कारण आकार कमी होतानाच बरीच किरकिर गेली होती आणि त्यावर आणखी धुतलं तर चेहरे मेणाचे होतात.

आवाज पीसीएमऐवजी डॉल्बी डिजिटल, २५६ केबीपीएस. घुंगरू आणि तबल्याला एवढे पुरतात. वाचलेले बिट चित्राला गेले. डायलनॉर्म (आवाजाच्या पातळीची नोंद) -३१ आणि कॉम्प्रेशन प्रोफाइल 'नन' ठेवायला विसरू नये, नाहीतर समेवरच्या थापेनंतर लेहरा (तालासोबत फिरून फिरून वाजणारी धून) दबून पुन्हा वर येतो. रेकॉर्डर ४४.१ किलोहर्ट्झवर होता, ते ४८ केलं. रेकॉर्डर आणि कॅमेऱ्याच्या घड्याळात दहा लाखांत ३० चा फरक असला तरी १३० मिनिटांच्या शेवटी जवळजवळ पाव सेकंदाचा, म्हणजे सेकंदाला २५ च्या हिशेबाने चांगला सहा फ्रेमचा फरक पडतो; म्हणून आवाज प्रत्येक रचनेच्या सुरुवातीला पुन्हा जुळवला.

ऑथरिंगमध्ये एकच दक्षता: तयार एमपेग-२ ला सॉफ्टवेअरने पुन्हा हात लावता कामा नये. ट्रान्सकोड बंद आहे असं मेनू सांगत असला तरी तयार व्हीओबी (डीव्हीडीवर चित्र आणि आवाज साठवणाऱ्या) फाइलींची बेरीज चित्र अधिक आवाजाच्या बेरजेशी ताडून पाहावी. व्हीओबी किंचित मोठी असायला हवी. लहान निघाली तर पुन्हा दाबली गेली आहे.

चाचणी तीन ठिकाणी झाली: २१ इंची काचेचा टीव्ही, पिवळ्या आरसीए तारेने जोडलेला ३२ इंची एलसीडी आणि एचडीएमआय प्लेअरवरचा ४३ इंची. काचेच्या टीव्हीवर फील्डचा क्रम चुकला असेल तर लगेच कळतं, म्हणून असा एखादा टीव्ही स्टुडिओत जपून ठेवावा. चक्कर, काठ, रंग, पट्ट्या सगळं जागेवर आलं. ४३ इंचीवर संपूर्ण मंचाचे मूळ मापातले शॉट मऊ दिसतात, आणि द्रुत लयीत एकच कॅमेरा उरल्यामुळे तो भाग थोडा एकसुरी वाटतो. याचं औषध एडिटिंगमध्ये नाही. पुढच्या वेळी दोन्ही कॅमेरे १०८०पी५० वर हवेत. २०११ च्या एव्हीसीएचडी २.० पासून ही सोय २८ एमबीपीएसपर्यंत आहे, आणि ती वापरली की डीइंटरलेसचा अख्खा टप्पाच गळतो. कॅमेऱ्याच्या मेनूत आधी ५० हर्ट्झ किंवा पाल निवडावं आणि शटर १/५० किंवा १/१०० ठेवावं, कारण आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आणि मंचावरचे स्वस्त एलईडी दिवे इतर शटरवर पट्टे मारतात.